मधला धागा

"एका सालाची मुदत द्या, साहेब," दुर्गाबाई म्हणाली. "मंग तुमी म्हनान थे बी पेरू."

अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेत इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण गावरान कापसाचा धागा आखूड. म्हणून अकोटजवळच्या दुर्गाबाईच्या गावानं गावरान सोडून लांब धाग्याची हिंगणघाटची सरकी पेरावी, असं सांगायला कापूस खात्याचा साहेब अमरावतीहून आला होता.

दुर्गाबाईनं त्याला घराची भिंत दाखवली. भिंतीवर कोळशाच्या सहा रेघा होत्या. सहा वर्षं ती आपल्या गावरान कापसातल्या लांब धाग्याच्या बोंडांचीच सरकी पेरणीला ठेवत होती. दर साली हाताला येतील ती शंभर बोंडं तोडायची, प्रत्येकातला एक धागा काढायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि अगदी मधल्या धाग्याएवढी रेघ ओढायची. दर रेघ आधीच्या रेघेहून लांब होती. वाढ मात्र साल-दरसाल थोडी कमी. तो उतार धरून तिनं सातवी रेघ ओढली.

"पुढच्या साली एवढा भरंल."

"झाड काय तुझी रेघ बघून वाढणार?" साहेब हसला. "आणि नाही भरला तर?"

"तर माही सारी सरकी बैलाले चारीन."

पुढच्या वेचणीला साहेब ठरल्याप्रमाणे आला.

"वावर मी निवडणार. तुम्ही चांगलंच तेवढं दाखवाल."

"निवडा," दुर्गाबाई म्हणाली.

रस्त्यालगतच्या वावरात छातीएवढी कपाशीची पऱ्हाटी होती. साहेब थेट आत शिरला. दुर्गाबाईचा नवरा नत्थुजी पुढं झाला. "साहेब, थे..."

"मधे कोणी बोलायचं नाही."

साहेबानं स्वतः शंभर बोंडं तोडली, ओसरीवर धागे मांडले. दुपार कलली तेव्हा त्यानं मधला धागा सातव्या रेघेवर धरला. जवारीच्या दोन दाण्यांएवढा आखूड भरला.

साहेबानं तिथंच कागद काढला, लिहिला, सही केली आणि मोठ्यानं वाचला: "आज तपासलेल्या वावरातली सरकी हलकी आहे. या गावात ती यापुढे कोणीही पेरू नये."

दुर्गाबाईनं कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

"हुकूम कबूल हाय, साहेब. माही पऱ्हाटी नाल्यापल्याड हाय. थ्या वावरात तुमीच नमुन्याले धाडलेली हिंगणघाटची सरकी पेरली व्हती."