पाहुण्यांची कुल्फी

चाकणच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत नमुने चाखून तपासणारी वर्षाली लग्नासाठी सांगून आलेल्या प्रत्येक मुलाला पिंपळे सौदागरच्या एकाच दुकानात भेटायची. तिथली मिरचीची कुल्फी तिच्या भारी आवडीची. मुलं मात्र दोन घासांतच घामाघूम होऊन काढता पाय घ्यायची.

आज चौथाही डोळे पुसत निघून गेला. "एवढंसं तिखट सोसत नाही यांना," असं पुटपुटत तिनं सवयीनं त्याच्या कुल्फीचा चमचाभर नमुना चाखला आणि तिलाच जोराचा ठसका लागला.

"अहो निरंजन, माझी कुल्फी तर अशी नसते!"

गल्ला पुसता पुसता दुकानदाराचे कान लाल झाले. "ती... फक्त पाहुण्यांना देतो."

 

वर्षाली घोटभर पाणी प्यायली. "रविवारी पाचवा येतोय. मिरची वाढव."