पहिला तुकडा

गव्हाचा कणही मला सोसत नाही, सिलिअ‍ॅक आहे. म्हणून तर नवऱ्याने आणि मी ग्लुटेन-फ्री बेकरी काढली. पीठ मळायचं त्याने, काउंटर सांभाळायचा मी.

सुरुवातीला आमच्या पावाचा नुसता भुगा व्हायचा. मग नवऱ्याचा हात बसला आणि पाव असा लुसलुशीत झाला, की गिऱ्हाइकं दारात ताटकळू लागली. रोजचा पहिला तुकडा तो कौतुकाने मलाच भरवायचा.

माझं पोट मात्र पुन्हा बिघडलं. डॉक्टर रागावले, "कुठून तरी गहू पोटात जातोय तुमच्या!" मी हॉटेलं सोडली, माहेरी जेवणं सोडलं, संशयाने लिपस्टिकसुद्धा फेकून दिली. नवरा पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "बाहेरचं कशाला खातेस? आपलाच पाव खात जा."

आज पीठ मळायच्या वेळीच भट्टीपाशी गेले, तर त्याचा हात कोपरापर्यंत मैद्याच्या पोत्यात. मला पाहून दचकलासुद्धा नाही.


"अगं, मूठभरच तर टाकतो. कुणाला कळतंय?"