शेजारची जागा

ऐक ना, मधे बोलू नकोस, फक्त ऐक.

अमेरिकेतल्या मेम्फिसमधला ऑगस्ट. उद्या शाळा सुरू. रेनिटा बॉयकिन लॅट्रिस नावाच्या एका आईच्या ओट्याशी उभी, घामाने नुसती निथळतेय. तिसरीची बाई ती. सकाळपासून या काळ्यांच्या वस्तीत दारं ठोठावत फिरतेय, की आपल्या शाळेतून मुलं काढू नका हो, अजून थोडी गेली तर शाळाच बंद करतील.

लॅट्रिस पायरीवर बसून आपल्या मुलीच्या, नियाच्या, बारीक बारीक वेण्या घालत होती. दातांतला कंगवा काढून म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेत गोरं पोर एक तरी आहे का?"

"नाही."

"मग? काळी-गोरी पोरं एकत्र शिकावीत म्हणून माझ्या आईला कोर्टाच्या हुकमाने बसमध्ये घालून गोऱ्यांच्या शाळेत नेलं. ती पोचली, आणि गोरे आपली पोरं काढून पळाले! आता बस नाही, हुकूम नाही. आता म्हणे निवडा. चपला निवडतात तशी शाळा निवडा."

"आई, दुखतंय."

"छान दिसायचंय ना उद्या? मग गप बस."

तर नियाचा ऐनवेळी नंबर लागला होता. पूर्वेकडची शाळा, गोऱ्या वस्तीतली. व्हायोलिन काय, प्रयोगशाळा काय! संध्याकाळपर्यंत फोनवर हो की नाही एवढंच कळवायचं होतं.

"तिथे एकटी पडेल हो ती," रेनिटा म्हणाली. "इथे माझ्या वर्गात येईल. हुशार पोरं अशी निघून गेली, तर उरलेल्यांनी बघायचं कुणाकडे?"

आणि तिला खरंच तसं वाटत होतं हां. अगदी मनापासून.

लॅट्रिसचा हात थांबला. "तुमचा एमरी हिच्याच वयाचा ना? चर्चमध्ये दिसतो. तो कुठे जातो?"

आता बघ. एमरी वर्षभर त्याच पूर्वेकडच्या शाळेत जात होता. इकडे कुणाला पत्ता नाही. पण रेनिटाच्या तोंडून निघूनच गेलं, "यंदा आपल्याच शाळेत. माझ्याच वर्गात."

"अस्सं!" लॅट्रिस मोकळी हसली. "बाईने स्वतःचं पोर ठेवलंय, मग मला कसली भीती?" तेलकट बोटाने तिने फोन उघडला आणि 'नाही' दाबलं. झालं. गेली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी.

'थांब' म्हणता आलं असतं रेनिटाला. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात लॅट्रिसने थंडगार गोड चहाचा पेला हातात दिला, आणि ती तो गटागटा प्यायली.

संध्याकाळी एमरीचा त्या शाळेचा शर्ट इस्त्री करताना तिचा हात दोनदा थांबला. पण शर्ट कडक झाला, आणि सकाळी एमरी तोच घालून पूर्वेकडे गेला.

इकडे वर्ग भरला. निया पुढेच बसलेली. शेजारच्या खुर्चीवर दप्तर. एक मुलगा बसायला आला तर म्हणते, "इथे नको, ही एमरीची जागा आहे." मग दाराकडे बघत, "बाई, त्याला उशीर का झाला?"

अख्खा वर्ग रेनिटाकडे बघतोय. आता सांग, तू काय उत्तर दिलं असतंस?