शेवटचा खळगा

कल्पना करा बाळांनो, तुम्ही जन्मात एकही तारा पाहिलेला नाही. उपग्रहांच्या झगमगाटात सगळे हरवले आहेत. तारे उरलेत ते सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावरच्या, एका कातळात. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे आकाश कोरलं, एकेका ताऱ्यासाठी एकेक खळगा, आणि पहाटेआधी ते मातीने झाकून टाकलं. त्या रात्रीचा उजेड दगडाने जपला. यंत्राच्या भिंगातून तो दिसतो, पण एकदाच, एकालाच. ऊन लागलं तर तो कायमचा जातो.

शेवटच्या खळग्यासाठी चिठ्ठी निघाली सुनेत्राची. धाकटी वैजू शेजारी धुसफुसत उभी होती.

"दर वेळी तूच कशी गं?"

"आता तोंड पाडू नकोस. सकाळपासून फुगून बसलीयेस."

सुनेत्रा भिंगाशी वाकली, तेवढ्यात वाऱ्याने खळग्यावरचं काळं कापड उडू लागलं. तिला ते दिसलं नाही. वैजूला दिसलं. नुसती गप्प राहिली असती, तरी ताईचा तारा गेला असता.

क्षणभर ती गप्पच राहिली. मग तिने झेप घेऊन कापड खाली ओढलं आणि वरून खळगा तळव्याने झाकला.

"ताई, आधी शप्पथ घे. दिसेल ते सगळं मला सांगायचं. काही राखून ठेवायचं नाही."

आणि ताईने शप्पथ घेईपर्यंत तिने हात उचलला नाही.