पुन्हा पहिला खटला

“बाबा, महिन्याभरात केस केवढे पिकले हो तुमचे!” न्यायालयाच्या बाकावर बसलेली मृण्मयी हसली.

“तुझ्या आईच्या हातचं जेवतोय ना,” वामनराव म्हणाले.

गावची डेअरी जळाली, त्याला चार वर्षे झाली होती. आग मृण्मयीने लावली नाही, असा निकाल न्यायालयाने दोनदा दिला होता. तरी सरकारी वकिलांनी मागितला की नवा खटला मंजूर होई. आरोपीला जुने प्रश्न पाठ असू नयेत, म्हणून आधीच्या खटल्याच्या आठवणी तिच्या मेंदूतून पुसून टाकत. सुटकेचा आनंदही त्यांतच पुसला जाई; तिच्या लेखी आग लागून महिनाच झाला होता. नातलगांनी तिला काही सांगितले, तर आठवणी पुसून सारे पहिल्यापासून सुरू. गेल्या महिन्यात आईच्या तोंडून “मागच्यासारखीच सुटशील” एवढेच निघून गेले होते. तेव्हापासून आईला आत सोडत नव्हते.

“बाबा, सुटले की घरोघर पेढे वाटा हं.”

“वाटेन की.”

दोनदा वाटून झाले होते.

“आणि एकदा सुटले की संपलं ना सगळं?”

वामनरावांनी शेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे पाहिले.

“हो बाळा,” ते म्हणाले, “मग संपलंच.”