काकीच्या हातचं

"हे नाई. काकीसारखं पायजे," असं म्हणून चार वर्षांच्या सोनलनं ताट सरकवलं. ताटात अंबाडीची भाजी होती, तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकर होती.

ललिताबाईनं ताट उचललं. ऊसतोडीवरून ती तांड्यावर परतली, तेव्हापासून पोर तिच्या हातचं धड जेवली नव्हती. ती कारखान्यावर असताना सोनलला जावेनं, रुपाबाईनं सांभाळलं होतं. रुपाबाई पलीकडच्या खोलीत पाकिटातले नूडल्स शिजवायची. त्या मसाल्याचा वास सुटला की सोनल हातातलं टाकून तिकडं पळायची. "काकीनं पोर सोन्यासारखी सांभाळली," असं तांड्यातला जो तो सांगायचा आणि ललिताचा जीव जळायचा.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या सुकेशनीताईनं आयांना बोलावलं. पुढ्यात पाकिटं मांडली: नूडल्स, चिप्स, क्रीमची बिस्किटं. एकेक उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली.

"पीठ, मीठ, तेल आपल्याही घरी असते. पण चव वाढवणारं, रंग, बनावट वास, तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून घातलेलं औषध, हे कोणाच्या चुलीपाशी असते सांगा? अशी नावं दिसली की समजाचं, हे रांधेल नाई, कारखान्यात जुळवेल हाय. कधीमधी ठीक. रोज याच्यावर लेकरू नका वाढवू."

ललितानं वळून मागं बसलेल्या जावेकडं पाहिलं. रुपाबाईनं मान खाली घातली होती. कितीतरी दिवसांनी ललिताला गार वाटलं. म्हणजे पोर हिच्या मायेला लागलीच नव्हती, त्या पुडीला लागली होती! सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आयकलं काय व? माही पोर तू याच्यावर वाढोली."

रुपाबाई उठली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून पलीकडच्या खोलीतून मसाल्याचा वास आला नाही. ललितानं दूधभात केला, गूळ-पोळी केली, मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली. सोनल दोन घास खायची आणि दाराकडं बघत बसायची. शेवटी एका दुपारी ललिता उठली आणि फुलचंदच्या दुकानातून तेच नूडल्स घेऊन आली.

"तुमच्या ताईनं तं मना केलं म्हंते?" फुलचंद हसला.

"पाव्हणे येऊन राह्यले," ती म्हणाली.

पाणी उकळलं. पुडी फोडताना मागची बारीक अक्षरं नजरेला पडली. वाचता येत नव्हती, तरी तिनं अक्षरांची बाजू खाली केली. मसाला पडला तसा वास घरभर झाला.

"सोनल! ये, पाय काय केलं याडीनं, तुह्या मायनं!"

ओ आली नाही. अंगणात कोणी नव्हतं. ललिता जावेच्या दारात जाऊन उभी राहिली.

सोनल रुपाबाईला खेटून बसली होती. ताटात तुरीची दाळ आणि चुरलेली भाकर होती. रुपाबाई घास फुंकून गार करत होती आणि पोर आ करून वाट पाहत होती. अर्धं ताट संपलं होतं.

ललिताला पाहून रुपाबाईचा हात थांबला. "पुडी नाई देल्ली म्या," ती घाईनं म्हणाली. "दाळच हाय. पायजे तं पाय."

ललितानं पाहिलं. 

तेवढ्यात सोनलनं नाक वर केलं. "काकी, नूडल कोण करून राह्यलं व?"

रुपाबाईनं ललिताकडं पाहिलं. तिच्या बोटांना लागलेला मसाला पाहिला. मग नजर ताटाकडं वळवून तिनं पुढचा घास उचलला.

"असंल कोणाच्या घरी. तू आ कर."