जिथल्या तिथे

विठ्ठलरावांनी टेबलावरचं घड्याळ उचललं, कपाटात ठेवलं, दार लोटलं, आणि विमलाबाईंना आपली चूक उमगली.

घड्याळ लपवायचंच होतं. नाटकच तसं होतं: नवरा घरातल्या वस्तू एकेक करून लपवतो आणि तूच विसरतेस, तुला वेड लागत चाललंय, असं बायकोला पटवून देतो. घोळ वेगळाच होता. नवऱ्याची पुढची सगळी वाक्यं विमलाबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून त्याच घड्याळाच्या मागे चिकटवली होती.

तालमी दिग्दर्शक सोनलच्या गच्चीवर झाल्या. हौशी मंडळींच्या तालमीला खरं सामान कुठून येणार? विठ्ठलराव हवेतलं घड्याळ उचलायचे आणि हवेतच लपवायचे. रोज तेच बघून विमलाबाईंच्या डोक्यात घड्याळ आपलं टेबलावरच राहिलं. आज खरं हाती आल्यावर त्यांनी घाईघाईने कागद डकवला. लपवलेली वस्तू कागदासकट जाते, एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही.

"हे माझ्यासाठी हं," त्या तिसऱ्या घंटेआधी नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "मी अडले तर तुम्ही इथे बघून सावरून घ्या."

"तुझं चित्तच नसतं हल्ली थाऱ्यावर," विठ्ठलराव हसले होते.

डोंबिवलीतलं हे भांड्यांच्या दुकानावरचं नाट्यगृह एवढुसं, की विंगेतून कुणी कुजबुजलं तरी तिसऱ्या रांगेला ऐकू जावं. म्हणून प्रॉम्प्टर ठेवलाच नव्हता. आणि सोनलने स्पष्टच सांगितलं होतं, "काकू, आज काका अडखळले तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

काकांचं वय झालंय, एवढंच सोनलला वाटत होतं. डॉक्टर काय म्हणाले ते विमलाबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं, विठ्ठलरावांनाही नाही. फ्रिजमध्ये सापडलेला चष्मा त्या गुपचूप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवत. उघडा राहिलेला गॅस बंद करत आणि खिडकी उघडत. आपलं सगळं सुरळीत चाललंय असं विठ्ठलरावांना वाटे. नाटक हातचं गेलं असतं तर का गेलं, ते त्यांना सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायची विमलाबाईंची छाती नव्हती.

विठ्ठलराव खुर्चीत येऊन बसले. आता त्यांनी विचारायचं होतं. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मोलकरणीचं काम करणारी कल्पिता चहाचा ट्रे घेऊन दारात ताटकळली. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

विमलाबाईंच्या भूमिकेतली बायको, कुमुद, घाबरट होती, पण आता त्यांना घाबरल्याचा वेगळा अभिनय करायची गरजच नव्हती.

"तुम्ही विचाराल, घड्याळ कुठाय," त्या म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी मान वर केली.

"म्हणाल, काल किल्ली हरवलीस, आज घड्याळ." त्या त्यांच्या खुर्चीजवळ गेल्या. "म्हणाल, माझ्याकडे बघ, कुमुद. बघतेय मी. म्हणाल, तुला काहीच आठवत नाही का? म्हणाल, आता डॉक्टरांना बोलवायला हवं." त्यांचा आवाज फाटला. "नका बोलवू. घरातलं घरातच राहू दे. मी सांभाळीन."

शेवटची तीन वाक्यं नाटकात कुठेच नव्हती.

विठ्ठलराव एकटक बघत राहिले. प्रेक्षकांना तो नवरा किती थंड काळजाचा वाटला असेल, देव जाणे. मग कुठूनतरी विठ्ठलरावांना धागा सापडला.

"तू विसरतेस, कुमुद," ते म्हणाले, आणि पुढचं सारं धडाधड आलं. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मेकअपच्या खोलीत सोनल धावतच आली. "काका, तुमचं ते गप्प बसणं! काटा आला अंगावर."

"गप्प बसू नको तर काय करू?" विठ्ठलराव कापसाने रंग पुसत म्हणाले. "माझी सगळी वाक्यं हिने खाल्ली. विमल, तुला होतंय तरी काय?"

खोलीतले सगळे विमलाबाईंकडे बघू लागले. विठ्ठलरावांच्या अर्ध्या पुसलेल्या चेहऱ्यावर बायकोबद्दलची खरीखुरी काळजी होती.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "हल्ली लक्षात राहत नाही माझ्या."

सोनलने त्यांचा हात हातात घेतला. "काकू, थोडे दिवस आराम करा तुम्ही. कल्याणच्या प्रयोगाला कल्पिता उभी राहील, तिचं सगळं पाठ आहे. आणि काका आहेतच की, सांभाळून घेतील तिला."

"अगदी बरोबर," विठ्ठलराव म्हणाले. "हिला जरा विश्रांती हवीच आहे."

विमलाबाई उठल्या आणि रिकाम्या रंगमंचावर गेल्या. कपाटातून घड्याळ काढलं. मागचा कागद नखाने हळूहळू सोडवला आणि कल्याणलाही जाणाऱ्या त्याच टेबलाच्या फळीवर, विठ्ठलरावांच्या खुर्चीसमोर, नीट दाबून चिकटवला. घड्याळ कोपऱ्यात ठेवलं.

विठ्ठलराव पिशवी घेऊन मागोमाग आले.

"काय शोधतेस?"

"घड्याळ."

त्यांनी विमलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला दाखवावं तसं बोटाने दाखवलं.

"अगं, हे काय. जिथल्या तिथे आहे."